एक्केचाळीस गाण्यांपुरतं

स्टुडिओत माझं काम शिवणाचं. स्टुडिओ म्हणायचं आपलं. खरं तर चर्चच्या मागचा जुना हॉल आहे. खिडक्यांना काळं कापड, छताला दिवे, मधोमध लाकडी फळ्यांचं स्टेज. बहिऱ्या मुलांसाठी टीव्हीवर दर आठवड्याला अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागतो, येशूच्या गोष्टी आणि गाणी, तो इथं तयार होतो. गाणी म्हटलं की लोकांच्या भुवया वर जातात. "बहिऱ्यांना गाणी? कशाला बिचाऱ्यांची थट्टा करता हो?" मी म्हणते, "तुम्ही नुसत्या कानांनी ऐकता होय? मग पाय कशाला हलतो तुमचा?" मग गप्प बसतात. लोकांना गप्प बसवायची मला भारी हौस. एकीला मात्र बोलतं करायला गेले, आणि तिलाच गप्प करून बसले.

गाणी करायची माझी मुलगी. 'करायची' म्हटलं म्हणून लगेच भलतं मनात आणू नका, ठकी धडधाकट आहे. ठकी हे घरातलं नाव. चौतीस वर्षांची बाई आहे, पण माझ्या तोंडात ठकीच बसलंय. जन्मापासून ठार बहिरी. लहानपणी चर्चमध्ये मांडीवर बसून सगळ्यांची तोंडं उघडताना मिटताना बघायची. सगळे मिळून जांभया देतात असं तिला वाटायचं म्हणे. हे तिनं मला सांगितलं नाही, एका मुलाखतीत सांगितलं. माझ्या मुलीच्या पुष्कळ गोष्टी मला अशा परभारेच कळल्या.

तिची गाणं करायची रीत अशी. एका गाण्याला हाताचा एकच आकार धरायचा. वादळाच्या गाण्याला उघडा पंजा. मग पंजाचीच नाव, पंजाचंच पाणी, पंजाचाच वारा, पंजावरच डोकं टेकून झोपलेला प्रभू, आणि शेवटी तोच पंजा आडवा धरून शांत झालेलं तळं. आपल्या गाण्यात शब्दांची टोकं जुळतात, तिच्या गाण्यात बोटं जुळायची. तालाला मोठा ढोल, तो स्टेजच्या फळ्यांवर टेकवून वाजवायचा. नाचणाऱ्या पोरांना ठोका तळपायातून कळतो, आणि घरी बघणाऱ्यांनी टीव्हीच्या टेबलावर तळवा ठेवायचा. सहा वर्षांत तिनं अशी एक्केचाळीस गाणी केली.

मला तिथं बोलावलं ते पाळकसाहेबांनी. कार्यक्रम त्यांचाच. "मावशी, शिवणारं कुणी मिळत नाही, आणि तुमची मुलगीच आहे की तिथं," म्हणाले. मी एका पायावर तयार झाले. ठकीनं फोनवर लिहून पाठवलं, 'काम चांगलं कर. बाकी काही नको.' बरं बाई, म्हटलं. कपडे साधे दिसतात, पण डोकं खातात. फुलं नकोत, रेघा नकोत, चकचकीत बटणं नकोत, कारण हात कापडावर उठून दिसला पाहिजे. ठकी नव्या कापडावर हात पसरून लांबून बघायची. हात हरवला की कापड नापास. मेंढरांचे अंगरखे तर तिनं मला तीनदा उसवायला लावले. एरवी दुसऱ्या कुणी उसवायला सांगितलं असतं तर कात्रीच हातात दिली असती त्याच्या.

'बाकी काही नको' का, ते सांगायला मागं जावं लागेल. सांगते. मी काही स्वतःला पाठीशी घालणार नाही.

ठकी तीन वर्षांची असताना तिला बोलायला शिकवणाऱ्या शाळेत घातलं. तिथल्या मोठ्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "हात खाली, तोंड वर. हातवाऱ्यांची सवय लागली तर ही जन्मात बोलणार नाही." ती माझ्यासाठी काळ्या दगडावरची रेघ झाली. घरी रोज दोन तास मी तिला घेऊन बसायची. 'प'साठी ओठांसमोर कागदाची पट्टी धरायची, ती हलली पाहिजे. 'ह'साठी आरसा, त्यावर वाफ आली पाहिजे. 'ल'साठी चमच्याच्या दांड्यानं जीभ वर. 'स' तर आम्हाला कधी जमलाच नाही, नुसती हवा जायची. आणि तिचे हात उठले रे उठले की मी ते टेबलावर दाबायची. माझा पंजा वर, तिचे खाली. फारच चुळबुळ करायला लागले तर ओढणीनं खुर्चीच्या पाठीला बांधायची. बांधायची, हो. वर लोकांना कौतुकानं सांगायची की माझी शिस्त कडक आहे.

शेवटी मी सावकाश एखादं वाक्य बोलायची आणि विचारायची, "कळलं?" ती मान हलवायची. "शाब्बास!" म्हणून मी तिच्या पाठीवर दोन थापा द्यायची. थापा मिळाल्या की सुटका, हे तिला चौथ्या वर्षीच कळलं होतं. मला मात्र कळलं नाही की तिला माझ्या ओठांवरचं दहातलं एखादंच कळतंय. ती मान हलवायची, मी खूश.

ह्यांना ते पटायचं नाही. हे ड्रायव्हर होते, संध्याकाळी सहाला यायचे. ठकी त्यांच्या चपला घेऊन फाटकाशी बसायची, आणि फाटकाच्या आड दोघं हातांनी काय काय बोलत बसायचे. मी खिडकीतून ओरडले की हे हात खिशात घालायचे. ठकीचे खिसे मी शिवलेच नव्हते.

ती नऊ वर्षांची असताना हे गेले. पोरीनं बघू नये म्हणून मी तिला बहिणीकडे ठेवलं होतं. सगळं उरकल्यावर घरी आणलं, समोर बसवलं, दिवा माझ्या तोंडावर घेतला आणि सावकाश सांगितलं, "बाबांना देवानं नेलं. बाबा आता येणार नाहीत. कळलं?" तिनं मान हलवली. रडली नाही. मी म्हटलं, काय समजूतदार पोर माझी! "शाब्बास," म्हणाले आणि दोन थापा दिल्या.

पुढं तीन महिने ती रोज सहाला चपला घेऊन फाटकाशी बसत होती. मला वाटलं, आठवण काढते. मग एक दिवस शाळेच्या वहीत तिनं लिहिलेलं वाक्य दिसलं, 'बाबा सहाला येतात.' खाली बाईंची बरोबरची खूण होती, कारण वाक्य चुकलेलं नव्हतं.

अठराव्या वर्षी ती बहिऱ्या मुलींच्या वसतिगृहात गेली. तिथं तिला तिची भाषा मिळाली, आणि त्या दिवसापासून तिनं तोंडानं बोलणं टाकलं ते टाकलंच. माझी पंधरा वर्षांची मेहनत तिनं एका दिवसात फुंकून टाकली म्हणून मी वर्षभर जळफळले. मग फोनवरचे निरोप सुरू झाले. 'पोचले.' 'बरी आहे.' 'नको.' असे एकेक शब्दांचे.

बहिऱ्या लोकांत प्रत्येकाला खुणेचं नाव असतं. पाळकसाहेबांचं नाव मिशी. ठकीचं नाव गालावर बोट टेकवून फिरवायचं, तिला तिथं खळी पडते ना. मी स्टुडिओत लागले त्याच आठवड्यात मेंढराचा अंगरखा घालून बघणाऱ्या एका चिमुरडीनं माझ्याकडे बोट केलं आणि दुसरीला काहीतरी दाखवलं. डावा हात आडवा, त्यावर उजवा पंजा दाबून खाली. ते काय, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. ते टेबल माझ्या घरात अजून आहे. तिच्या भाषेत माझं नाव तेच होतं, आणि ते तिनंच ठेवलं असणार. मी टाचण्या तोंडात धरून अंगरखा मापला. तोंडात टाचण्या असल्या की एक बरं असतं, बोलावं लागत नाही.

मागच्या वर्षी ठकी दिव्याच्या स्टँडवर आदळली. मग खुर्चीवर, मग एका पोरावर. मी म्हटलं, ही कुठं बघून चालते? डॉक्टरांकडून आल्यावर तिचा निरोप आला, सगळ्यात लांब निरोप. 'डोळ्यांच्या आतल्या पडद्याचा आजार आहे. कडेचं दिसणं गेलं, मधलं पण जाणार. अजून वर्षभर दिसेल. तुला सांगून ठेवते.'

मी तो निरोप किती वेळा वाचला देव जाणे. बहिऱ्या माणसाचे डोळे जाणं म्हणजे काय, हे आधी नीट डोक्यात शिरेना. तिला ओठ दिसणार नाहीत. फोन दिसणार नाही. मी लिहिलेलं काही दिसणार नाही. आमच्यात जो एकेक शब्दाचा धागा होता, तो तुटणार. स्टुडिओत दुभाषी मुलगी आहे, तिचे आईवडील दोघं बहिरे, त्यामुळे ती दोन्हीकडची. तिला मी विचारलं, "मग अशी माणसं बोलतात कशी गं?"

"हातावर हात ठेवून, काकू. समोरचा खुणा करतो, ही आपले हात त्याच्या हातांवर ठेवते. तिला हातातनं कळतं. पण समोरच्याला भाषा यायला हवी." मग म्हणाली, "मंगळवारी वर्ग असतो. या की."

वर्ग ठकीच घ्यायची. त्या वर्गात पहिल्या बाकावर जाऊन बसायचं, तिच्यासमोर, हात वर करून? तिनं माझे हात धरून बोटं सरळ करायची? "ह्या वयात पाटीपेन्सिल नको गं बाई," असं म्हणून मी यंत्राचं पायडल मारलं. तोंडाला आलं ते बोलून मोकळी झाले, नेहमीप्रमाणे. खरं म्हणजे लाज वाटत होती. लाज महाग पडते.

पण शिकायचं तर होतं. शिवणाच्या खोलीत एक जुना टीव्ही आहे, कार्यक्रम बघायला. मी गाणी लावायला लागले. दार लोटून घ्यायची आणि एकेक खूण गिरवायची. पडद्यावर सगळं उलटं दिसतं, तिचा उजवा तो माझा डावा, हे कळायलाच पंधरा दिवस गेले. तोवर मी सगळं डावरं शिकले होते. पुन्हा पहिल्यापासून. बोटं ताठ झाली होती, सांधे दुखायचे, पण गुडघ्यावर उशी घेऊन मी नाव चालवायची, जाळं टाकायची, तारा दाखवायची. दहा महिन्यांत एक्केचाळीसच्या एक्केचाळीस गाणी माझ्या हातांत बसली.

एक दिवस दुभाषी मुलीनं मला पकडलं. दारात उभी राहून बघत होती. "काकू!" म्हणाली आणि तिचे डोळे भरले. मग हसायला लागली. "काकू, 'जेवलीस का' करून दाखवा."

मला येईना.

"'बरं वाटतंय का'?"

तेही येईना. कसं येणार? गाण्यांत कुणी कुणाला जेवलीस का विचारत नाही. मला मेंढरू येत होतं, तारा येत होता, देवदूत येत होता, उंटसुद्धा येत होता. 'दमलीस का' येत नव्हतं. देवाशी बोलायला पुरेल इतकी भाषा मी जमवली होती, पोरीशी बोलायला नाही.

"मंगळवारी या," ती पुन्हा म्हणाली.

"येईन," म्हणाले. गेले नाही. आधी एकदा तिला थक्क करून सोडते, मग जाते, असं मनात होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते काय वेगळं असतं?

त्याच महिन्यात बेचाळिसावं गाणं ठरलं, हरवलेल्या मेंढराचं. पाळकसाहेबांना हवं होतं ते गाणं सरळ होतं. मेंढपाळ हाक मारतो, मेंढरू हाक ओळखतं, धावत येतं. ठकी मान हलवून नाही म्हणाली. दुभाषी मुलगी तिचं बोलणं तोंडानं सांगत होती, "माझं मेंढरू बहिरं आहे."

"असं शास्त्रात नाही," पाळकसाहेब म्हणाले.

"शास्त्रात मेंढराचे कान तपासलेत का?"

सगळे हसले. पाळकसाहेबही हसले, मिशीवरून हात फिरवला, आणि म्हणाले, "बरं, मग येतं कसं ते?"

ठकीनं करून दाखवलं. मेंढपाळ टेकडीवर उभा राहून हाका मारतो. मारतोच. मेंढरू काटेरी झुडपात अडकलेलं, त्याला काही पत्ताच नाही. मेंढपाळ आणखी मोठ्यानं ओरडतो, रागावतो, हे मेंढरू हट्टी म्हणतो. मग थकतो. टेकडी उतरतो, काट्यांत शिरतो, आणि मेंढराच्या पाठीवर हात ठेवतो. हात ओळखीचा असतो. तेवढंच गाणं. मी मागं कापडाचा तागा धरून उभी होते. आयुष्यात पहिल्यांदा तिचं आख्खं बोलणं मला दुभाष्याशिवाय कळलं होतं, आणि वाटलं, नसतं कळलं तर बरं झालं असतं. तो टेकडीवर ओरडणारा कोण, हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

चित्रीकरणाच्या आधी अडचण आली. ठकीला आता नळीतून बघितल्यासारखं रुपयाएवढंच दिसत होतं. स्टेजवर उभं राहायच्या जागी चिकटपट्टीची खूण असते, ती तिला सापडेना. दोन पावलं इकडंतिकडं झाली की हात चौकटीबाहेर. कॅमेरावाला हातवारे करून थकला. तिसऱ्यांदा चुकल्यावर ती स्टेजच्या मधोमध नुसती उभी राहिली, डोळे मिटून. मी तिला तशी कधी बघितली नव्हती.

स्टेजच्या फळ्यांवर अंथरतात ते निळं कापड मी घरी घेऊन गेले. पडद्यांच्या काठाला भरतात ती जाड दोरी घेतली, कापडाखालून घातली आणि दोन्ही बाजूंनी टीप मारली. तिच्या दोन पावलांभोवती चौकोन, आणि पुढं जायच्या तीन पावलांची वाट. कॅमेऱ्यात काही दिसू नये, पण अनवाणी पायाला लागावं. सकाळी अंथरलं. कुणाला सांगितलं नाही.

ठकी स्टेजवर चढली, पाय सरकवला आणि थांबली. अंगठ्यानं टीप चाचपली. कोपऱ्यापर्यंत गेली, वळली, परत आली. ती टीप कुणाची हे तिला कळलं असणार, तिच्या शाळेच्या दप्तरालाही मी तशीच दुहेरी टीप मारायची. माझ्याकडे तिनं बघितलं नाही. ढोलकऱ्याला खूण केली, फळ्या हादरल्या, आणि तिनं ते गाणं एका दमात पुरं केलं. शेवटी मेंढराच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा पाळकसाहेबांनी खिशातनं रुमाल काढला. मी नाही रडले. मला अंगरखे गोळा करायचे होते.

ते तिचं शेवटचं गाणं. दुसऱ्या दिवशी ती लांबच्या एका केंद्रात जाणार होती, दोन वर्षांसाठी. तिथं आंधळ्या-बहिऱ्या लोकांना काठीनं चालायला, बोटांनी वाचायला शिकवतात. फोन आता तिच्या उपयोगाचा नव्हता. बोलायचं तर त्याच दुपारी.

ती शिवणाच्या खोलीत अंगरखा परत द्यायला आली. भिंतीला हात लावत. मी दार लावून घेतलं आणि तिच्यासमोर उभी राहिले. छाती अशी धडधडत होती की ढोल टेकवला असता तर वाजला असता. मी हात उचलले आणि सुरुवात केली, टीव्हीवर करतात तशी मोठी, ऐसपैस.

ती कपाळाला आठ्या घालून बघत राहिली. माझ्या मागं खिडकी होती, सगळा उजेड मागून, आणि माझे हात तिच्या त्या नळीत मावतच नव्हते. तिला कधी कोपर दिसत असेल, कधी नुसती खिडकी. दहा महिने घोकलं, पण कुठं उभं राहायचं एवढं साधं कुणाला विचारलं नव्हतं. बैल गेला नि झोपा केला. माझे हात खाली पडले.

तेव्हा ती पुढं आली. हात पुढं केले, चाचपून माझे हात शोधले आणि वर उचलले. माझे हात. तिनं. आणि आपले पंजे त्यांच्यावर हलके ठेवले.

मी पुन्हा केलं, सावकाश. माझ्याजवळ जेवढी होती तेवढी भाषा काढली. मेंढपाळ, मी. टेकडी, उभी. हाक, हाक, हाक. मेंढरू लहान. काटे. मी बांधलं. 'बांधलं' मला सव्विसाव्या गाण्यातून येत होतं, त्यात तुरुंगातल्या माणसाच्या बेड्या आहेत. मग पश्चात्ताप, तो नवव्या गाण्यातला. मग क्षमा. एका तळव्यानं दुसरा तळवा पुसायचा. मी पुसत राहिले. थांबायचं कसं ते कळेना, गाण्यात ते चारदा येतं, मी चारदा केलं.

ठकीचा चेहरा मी अगदी जवळून बघत होते. आधी काहीच नाही. मग तोंड उघडं पडलं. मग खळी पडली, कारण तिला हसू आलं असणार. चौसष्ट वर्षांची म्हातारी लहान पोरांच्या गाण्यांतून बोलत होती. आणि हसता हसता तिच्या गालांवरून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मी म्हटलं, देवा, कळलं. तिला कळलं!

तिनं माझे हात उचलून आपल्या हातांवर ठेवले आणि उत्तर दिलं.

केवढं उत्तर! तिचे हात माझ्या हातांखाली सुटले, वळले, थांबले, पुन्हा सुटले. इतकी वर्षं साठलेलं एकदम बोलत होती. 'नको' नव्हे, 'बरी आहे' नव्हे, आख्खी वाक्यंच्या वाक्यं, मला, माझ्याशी. मी हात घट्ट धरून ठेवले. एक शब्द सापडला, माझं नाव, पंजा दाबून खाली. ते नाव तसंच होतं. मग पिता हा शब्द आला, तो मला येतो, प्रार्थनेच्या गाण्यातला. मग दार. की फाटक? मग पुढचं सगळं बोटांमधून निसटत गेलं. त्यात होडी नव्हती, तारा नव्हता, उंट नव्हता. मधेच पुन्हा पिता, पुन्हा दार, पुन्हा माझं नाव. तिच्या भुवया वर गेल्या होत्या. ती काहीतरी विचारत होती. विचारून ती थांबली, आणि तिनं आपले हात माझ्या हातांवर ठेवले. उत्तराची वाट बघत.

'कळलं नाही' ही खूण मला येत नव्हती. कुठल्याच गाण्यात ती नाही.

दुभाषी मुलीला हाक मारता आली असती, ती बाहेरच दिव्यांच्या वायरी गुंडाळत होती. पण ठकी माझ्याशी बोलली होती. पंचवीस वर्षं मनात ठेवलेलं तिनं माझ्या हातात दिलं होतं, आणि आता मी तिसऱ्या माणसाला बोलावून म्हणायचं की हिला सांग, मला एक अक्षर समजलं नाही? तिचा ओला चेहरा तसाच वर होता. मला तो पडू द्यायचा नव्हता.

अकराव्या गाण्यात 'हो' आहे. मूठ करायची आणि मान डोलावल्यासारखी हलवायची. माझी मूठ हलली. एकदा. मग पुन्हा.

ठकी हलली नाही. तिची बोटं माझ्या मुठीवर तशीच राहिली, थोडा वेळ, जणू कापडाचा पोत बघावा तशी. खोटं 'हो' हाताला कसं लागतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? मी तिला लहानपणभर तेच तर शिकवलं होतं. हळूहळू तिच्या भुवया खाली आल्या. मला वाटलं ती हात झटकेल, निघून जाईल. झटकला असता तर बरं झालं असतं.

तिनं एक हात वर नेला. माझा खांदा चाचपला, तिथून मागं, पाठीवर. दोन थापा दिल्या. आणि सोळा वर्षांनी तिनं तोंड उघडलं, जीभ कुठं टेकवायची ते आठवत, अगदी नीट, मी बसवून घेतलेल्या त्या जाड, सपाट आवाजात म्हणाली, "शाब्बास."

शेवटचा 'स' आला नाही, नुसती हवा गेली. तो आम्हाला कधीच जमला नव्हता.